दोघांना दिसलं तरच

स्टाफरूममध्ये कुणी येऊन सांगितलं की कोहमाऱ्याच्या चौकात ट्रक उलटला, तर आम्ही बाकीचे ‘अरेरे’ म्हणून डबे उघडायचो. दयाराम लांजेवार मात्र डबा बाजूला सारायचा आणि सांगणाऱ्याला विचारायचा, “तू पायलं, का आयकलं?” तो म्हणायचा, ऐकलं. “मंग ट्रक उलटला म्हणू नको. उलटल्याचं आयकलं म्हण.” एवढं झालं की स्वारी शांतपणे जेवायला बसायची. ट्रकमधल्या माणसांची चौकशी नंतर. आधी ट्रक उलटला हे तर सिद्ध व्हायला हवं!

आमची शाळा अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एका मोठ्या तलावाच्या गावी. तो गणित शिकवायचा, मी मराठी. गणितात त्याच्याकडे उत्तराला किंमत नव्हती, ताळ्याला होती. उत्तर बरोबर आलं आणि ताळा केला नाही, तर एक मार्क कापलाच. एकदा एका मुलाचे वडील भांडायला आले. दयारामनं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, “तुमी याचे वडील, हे कोणाले माहीत हाये गावात?” ते बिचारे भांडण विसरून ओळखीचा माणूस शोधायला बाहेर गेले.

अंगानं वाळका, उंच, खांद्यावर पांढरा दुपट्टा. काळी सायकल होती, तिला दोन कुलुपं. एक चाकाला, दुसरं साखळीचं, झाडाला. स्वतःच्या अंगणातसुद्धा तो ती सीताफळाच्या झाडाला बांधायचा. त्याची बायको, आमच्या सुशीलावहिनी, हसत हसत सांगायच्या, “लग्नात यायनं भटजीले दोनदा मुहूर्त इचारला. तिसऱ्यांदा इचारलं असतं तं मी उठूनच गेली असती.” वहिनी गेल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्यावरही तो बराच वेळ त्यांच्या नाकाशी हात धरून बसला होता. त्या दिवशी मात्र त्याच्या संशयाला कुणी हसलं नाही.

अशा माणसाला सारस मोजायचं काम मिळालं, ते संशयापायीच. दरवर्षी मृगाच्या आधी आमच्या जिल्ह्यात सारसांची मोजणी होते. माणसाएवढा उंच, राखाडी, लाल डोक्याचा हा पक्षी आता इथल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, आणि तलावांच्या काठांवर थोडाफार उरला आहे. पहिल्या वर्षी गोंदियाहून माणसं शाळेत आली, नकाशे लावले, कुणी कुठं मोजायचं ते पट्टे वाटले, माहिती सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. दयाराम उठला.

“त्या काठावरचा सारस उडून या काठावर आला तं? तो तिकडं लिहिला, इकडंबी लिहिला. एकाचे दोन झाले का नाही?”

“सर, सगळे एकाच वेळी मोजतात.”

“घड्यारं मिरवली का सगळ्यायची?”

घड्याळं कुणीच जुळवली नव्हती. तेव्हापासून आमच्या तलावाचा पट्टा त्याच्याकडे आला आणि त्याच्यासोबत मी. त्यानं नियम केला : दोघांना दिसलं तरच लिहायचं. एकाला दिसलेलं धरायचं नाही, मग तो एक स्वतः दयाराम का असेना. कागदावर वेळ, ठिकाण, पक्षी कोणत्या दिशेला उडाला त्याचा बाण, आणि खाली दोघांच्या सह्या.

त्याच पहिल्या वर्षी त्यानं मला पश्चिमेच्या कोपऱ्यात बसवलं आणि तो पारीवर गेला. पार म्हणजे तलावाची मातीची भिंत. आमच्याकडचे जुने तलाव अशा पारींनीच बांधलेले आहेत. तासाभरानं येऊन त्यानं विचारलं, “काही दिसलं?” मी म्हणालो, “दयाराम, खरं सांगू? वीसेक मिनिटं मला झोप लागली होती.” मला वाटलं आता हा मला हाकलून देणार. तो चक्क खूश झाला. पाठीवर थाप मारून म्हणाला, “तू चालते. दुसरा असता तं सारसाची जोडी सांगितली असती.” त्या दिवसानंतर त्यानं मला ‘पायलं, का आयकलं’ कधीही विचारलं नाही. गावात हा मान दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि मला त्याचा गर्व होता हे कबूल करायला हरकत नाही.

त्याच्या संशयाची सर्वांत गाजलेली गोष्ट घरट्याची. एका भादव्यात तलावाखालच्या बांधीत, उभ्या धानात, सारसानं घरटं केलं. दोन अंडी. बांधीचा मालक तुकाराम नावाचा शेतकरी. दयारामला बातमी लागली की तुकाराम अलीकडे दिवसभर बांधावर बसतो, घरीही जात नाही. “काऊन बसते? अंडी उचलाचा इचार दिसते,” असं म्हणून दयाराम शाळा सुटल्यावर समोरच्या बांधावर पळसाआड जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी रविवार होता, तेव्हा तो डबा घेऊनच गेला. संध्याकाळी पोलीस पाटील माझ्याकडे आला. म्हणाला, “बोरकर सर, तुमचे लांजेवार सर अंडी चोरून राहिले का?” तुकारामानं तक्रार केली होती. तो बिचारा अंड्यांची राखण करत होता, आणि एक मास्तर तीन दिवसांपासून झाडामागून घरट्याकडे टक लावून बसतो म्हणून त्याला तोच चोर वाटला होता! दोघंही राखणदार, दोघंही एकमेकांचे चोर. पाटलानं दोघांना समोरासमोर उभं केलं. तुकाराम ओशाळून हसला. दयाराम हसला नाही. “तू राखण करत होता, हे कोणं पायलं?” त्यानं विचारलं. त्यावर तुकारामानं हात जोडले. पण पिल्लं बाहेर येईपर्यंत दोघं पाळी लावून बसले, आणि पुढं तुकाराम आमच्या मोजणीचा खबऱ्या झाला.

दयारामची मुलगी वंदना नागपूरला नोकरी करते. तिच्या लग्नानंतर जावयानं त्याला हौसेनं कोकणात नेलं, भाड्याच्या दोन सायकली घेतल्या आणि सासरे-जावई दिवसभर समुद्राच्या काठाकाठानं फिरले. जावयाला वाटलं, सासऱ्यांना सायकलही आवडते, पाणीही आवडतं. संध्याकाळी मला फोन.

“बोरकर, याले पार नाही.”

“कशाला?”

“समुद्राले. सकारपासून काठानं सायकल चालवून राहिलो. कुठंच पार नाही बांधली. मंग हे पाणी थांबून कायच्यानं राहिलं?”

मी म्हणालो, अरे, तो समुद्र आहे. “ते आयकलं,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी जावयानं पुन्हा सायकली काढल्या, तर हा पठ्ठ्या पाण्याकडे पाठ करून खोलीच्या ओट्यावर बसून राहिला. गावी परतल्यावर आधी पारीवर जाऊन आला, मगच घराचं कुलूप उघडलं. घरालाही दोनच कुलुपं.

निवृत्तीनंतर आमची मोजणी सुरूच राहिली. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण तलावाचा काठ भरपूर. पहाटे पारीवरून निघायचं, बेशरमीच्या झुडपांतून वाट काढत उथळ बाजूला जायचं, मग बांध्यांच्या कडेकडेनं पूर्ण फेरी घालून नऊच्या आत शाळेच्या व्हरांड्यात कागद द्यायचे. सायकल कायम त्याची पुढे. “मागून कोण येते ते कानाले समजते. समोरचं डोऱ्यानंच पाहा लागते,” हे त्याचं शास्त्र.

मागच्या दोन वर्षांत मात्र काहीतरी बदललं. आधी माझ्या लक्षात आलं ते त्याचं बघणं. बोलताना तो माणसाच्या तोंडाकडे न बघता जरा बाजूला बघायचा, तिरपं, मान वळवून. गावात लोक म्हणाले, लांजेवार सर म्हातारपणी अजूनच संशयी झाले, नजरेला नजर देत नाहीत. मीही तेच म्हणालो. मग सायकल. “तू समोर राहा,” तो म्हणाला, “माह्या चेनीचा आवाज येते, पक्षी उडतीन.” मी वाकून चेन बघितली. तेल घातलेली, गुपचूप. मग दुर्बीण. पूर्वी डोळ्याला लावली की तो तिचं मधलं चाक सारखं फिरवत राहायचा. आता नुसती धरून उभा राहायचा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आधी मी बोलायचो, मग तो. मी म्हणालो दोन, की तो म्हणायचा, “दोन. लिही.”

ज्या माणसाकडून मी संशय घ्यायला शिकलो, त्याच्यावरच माझा संशय बसू लागला. ते फार वाईट असतं. मी त्याच्या घरी चहाला गेलो की कप उचलताना त्याचा हात आधी कुठं जातो ते बघायचो. विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी वंदनाचाच फोन आला. “काका, बाबा दवाखान्यात येत नाहीत. साखर आहे, डोळ्याच्या मागचा पडदा खराब होतो म्हणतात. मी विचारलं की सांगतात, सगळं दिसते. तुम्ही मोजणीला जाल ना, तेव्हा नीट बघून मला सांगा. दिसत नसेल तर मी त्यांना इकडेच आणणार. एकट्यानं, सायकलवर, अशा डोळ्यांनी...” मी कबूल झालो. हेर म्हणून त्याच्यासोबत जायचं मी कबूल केलं, दुसरा शब्द नाही.

गेल्या जूनची गोष्ट. पहाटे पाचला आम्ही पारीवरून निघालो. तो मागे, माझ्या चाकाच्या आवाजावर. मी मुद्दाम एका ठिकाणी न बोलता थांबलो. तो सरळ पुढे गेला आणि दहा हातांवर जाऊन म्हणाला, “कुठं गेला बे?” खाली सुखदेव ढिवर जाळं सोडवत होता. त्यानं हात वर केला. माझा हात वर गेला, दयारामचा नाही. मी सगळं मनात टिपत होतो, आणि मनाची लाजही वाटत होती.

उथळ बाजूला खरोखर एक जोडी होती. ऊन वर यायच्या आधीचा उजेड, पाण्यात दोन्ही पक्षी निवांत उभे. मी म्हणालो, “जोडी.” “जोडी. लिही,” तो म्हणाला. पुढं नाल्याच्या तोंडाशी एकटा सारस. “एक.” “एक. लिही.” मी लिहिलं.

मग उन्हाळी धान कापलेल्या बांध्या लागल्या. नुसती वाळलेली धसकटं, एकही पक्षी नाही, बगळासुद्धा नाही. मी सायकल थांबवली. आजही सांगता येत नाही की ते शब्द माझ्या तोंडून कसे निघाले.

“दयाराम, जोडी. तिसऱ्या बांधाजवळ.”

त्यानं सायकल पायाला टेकवली, दुर्बीण उचलली. किती वेळ धरली! मी देवाची प्रार्थना करत होतो की हा आता म्हणू दे, “काऊन बे, डोरे फुटले का तुह्ये? कुठं हाये जोडी?” त्याच्या तोंडून शिव्या ऐकायला मी कधी एवढा आतुर झालो नव्हतो.

“दिसली,” तो म्हणाला. “एक मान खाली घालून चरून राहिली. लिही.”

माझा हात लिहीना. नाही लिहावं तर कळणार, लिहावं तर खोटं. मी लिहिलं. पेन्सिल तेवढ्या ओळीत दोनदा तुटली.

फेरीचं शेवटचं वळण आलं. पुढं शाळा, तिथं कागद द्यायचा होता आणि त्यावर दोघांच्या सह्या. मोरीच्या कठड्यावर बसून आम्ही पोहे खाल्ले. शेवटी मी म्हणालो, “दयाराम, तिसऱ्या बांधाजवळ काही नव्हतं.”

त्यानं घास चावून संपवला. मग डबा बंद केला. मला वाटलं, आता तो डोळ्यांबद्दल बोलेल, रागावेल किंवा रडेल. त्यानं विचारलं ते वेगळंच.

“मंग नाल्यातला एक?”

“तो होता.”

“पहिली जोडी?”

“होती रे. शपथ घेऊन सांगतो.”

“अन् मांगच्या वर्षीचे?”

मागचं वर्षही त्यानं माझ्याच डोळ्यांनी मोजलं होतं, हे तेव्हा मला कळलं. “सगळे होते,” मी म्हणालो. “आज एकदाच खोटं बोललो. तुझी परीक्षा घ्यायला.”

“ते समजलं,” तो म्हणाला. “मधातलं दिसत नाही मले. बाजूबाजूचं दिसते. माणूस पाहाचा असला तं त्याच्या बाजूले पाहा लागते.” मग म्हणाला, “मले वाटलं, बोरकर हाये तं चालते. तुह्या डोऱ्याचा मी कधी ताळा केला नाही.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस का?”

“सांगितलं असतं.”

माझा विश्वास बसला नाही. अजूनही बसत नाही. पण ते बोलायचा अधिकार मी धसकटांच्या बांधीत गमावून आलो होतो.

शाळेच्या व्हरांड्यात गोंदियाहून आलेल्या ताई कागद गोळा करत होत्या. दयारामनं माझ्या हातातून कागद घेतला, नाकाजवळ धरला, बाजूनं बघितला आणि पूर्ण कागदावर आडवी रेघ मारली.

“सर, ये क्या? पूरा पट्टा रद्द? कुछ तो दिखा होगा!”

“याले दिसलं,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “मले काहीच दिसलं नाही. दोघाले दिसलं तरच लिहाचं, असा आमचा नियम हाये.”

व्हरांड्यात आमच्याच शाळेतून शिकून गेलेली चार-सहा माणसं होती. त्याला ते किती जड गेलं असेल, मला माहीत आहे. आणि मला वाचवण्यासाठीही त्यानं तसं केलं नाही, हेही माहीत आहे. त्याला तो कागद खरंच खोटा वाटत होता. ते दोन पक्षी आणि तो एक, मी डोळ्यांनी पाहिलेले, त्या वर्षी कुठंच मोजले गेले नाहीत.

संध्याकाळी मी वंदनाला फोन केला आणि सांगायचं ते सांगितलं. तिनं हंबरडा फोडला नाही, फक्त “बरं झालं काका” म्हणाली. मला ते बरं झाल्यासारखं वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी ती त्याला न्यायला आली. सायकल त्यानं तुकारामाला दिली, दोन्ही कुलुपांसह. माझ्याशी तो बोलायचा, अगदी नेहमीसारखा. चहा घेतला का, पाऊस किती झाला, नातवाचं काय. कुठंही अढी दाखवली नाही. मी मनाला समजावलं की जुनी मैत्री आहे, एका सकाळीनं मोडत नाही.

बसस्टँडवर मी पिशव्या घेऊन गेलो होतो. वंदना पाण्याची बाटली आणायला पलीकडच्या दुकानात गेली. तेवढ्यात गाडी लागली. मी पाटी वाचली, दयारामच्या कोपराला हात लावला आणि म्हणालो, “दयाराम, हीच नागपूरची. चढ.”

तो पायरीशी जाऊन थांबला. शेजारी भाजीची टोपली घेऊन एक बाई उभी होती, आमच्या दोघांच्याही अनोळखी. तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत त्यानं विचारलं,

“बाई, हे गाडी नागपूरलेच जाते ना?”

“हो बाबा, नागपूरलेच.”

मग त्यानं दांडा धरला आणि तो वर चढला.